बंद कारखान्याचं मीटर

कोल्हापूर-इचलकरंजीच्या पट्ट्यात मी छोट्या कारखान्यांचं ऊर्जा लेखापरीक्षण करतो. नव्या मालकाकडे माझी पहिली मागणी ठरलेली असते : मला सुट्टीच्या दिवशी बोलवा. यंत्रं बंद असताना काय बघणार, असं बहुतेक जण विचारतात. पण कारखाना चालू असला की प्रत्येक युनिटला काही ना काही कारण सापडतं आणि त्या गर्दीत फुकट जाणारी वीज लपून जाते. सुट्टीला एकही नग तयार होत नसतो. तरीही मीटर पुढे सरकत असेल, तर ते कशापायी, हा प्रश्न मालक स्वतःच विचारतो. तो त्याच्या तोंडून आला, की पुढचं काम सोपं होतं.

बहुतेक ठिकाणी त्याचं पहिलं उत्तर कॉम्प्रेसरमध्ये मिळतं. हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद ठेवायची आणि फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा. टाकी भरली की तो लोड सोडतो. लाइनमध्ये कुठेच गळती नसेल, तर त्याने पुन्हा लोड घ्यायचं काही कारण नाही. पण थोड्याच वेळात तो परत लोड घेतो. मग घड्याळ लावायचं. तो 2 मिनिटं लोडवर आणि 6 मिनिटं बिनलोड चालत असेल, तर त्याच्या क्षमतेतली 25 टक्के हवा नुसती गळते आहे. लक्ष न दिलेल्या लाइनमध्ये हा आकडा मला नवा नाही. 7 बार दाबाखाली 3 मिलिमीटरचं एक छिद्र 3 ते 4 किलोवॅट वीज खातं. त्यावर उपाय म्हणजे साबणाचं पाणी, ब्रश, टेफ्लॉन टेप आणि फिटरची एक दुपार. पुढे दाबाचा विचार करायचा. यंत्राला 5 बार पुरत असताना ‘असू दे जास्त’ म्हणून 7 बार ठेवलेला असतो. दर बारमागे साधारण 6 ते 7 टक्के वीज वाचते. तिथे विकत काहीच आणावं लागत नाही.

दुसरी जागा म्हणजे लाईट बिल. छोट्या गावातला मालक सुताचा भाव पैशापर्यंत घासाघीस करून ठरवतो, पण बिलाचा शेवटचा आकडा पाहून कागद अकाउंटंटकडे सरकवतो. मी 12 महिन्यांची बिलं मागून घेतो आणि मालकाच्या शेजारी बसून ती वाचतो. करारात मागितलेली डिमांड किती आणि प्रत्यक्षात चढली किती? सकाळी सगळ्या मोटारी एकदम चालू होतात म्हणून ती चढते का? पॉवर फॅक्टर कुठे आहे? महावितरणने एप्रिल 2020 पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरही धरणाऱ्या युनिटांवर, सुरू केली. तेव्हापासून पॉवर फॅक्टर 0.9 असेल, तर 90 युनिटांचं काम करून घेण्यासाठी 100 युनिटांचे पैसे मोजावे लागतात. पॅनेलमध्ये निकामी होऊन पडलेला कपॅसिटर दर महिन्याला आपली किंमत वसूल करत असतो आणि तो कुणी उघडून पाहिलेला नसतो.

याच ठिकाणी मला ‘वीज बचत यंत्र’ विकणाऱ्यांबद्दल सावध करावं लागतं. प्लगमध्ये डबी खोचा आणि बिल तिसऱ्या हिश्श्याने उतरवा, असं सांगणारे गावोगाव फिरतात. त्या डबीत बहुधा एक छोटा कपॅसिटर असतो. ज्या मीटरवर साधी युनिटं मोजली जातात, तिथे त्याने बिल उतरत नाही. एकदा फसलेला दुकानदार पुढे खऱ्या उपायावरही विश्वास ठेवत नाही, हे त्यातलं मोठं नुकसान आहे.

कोल्हापूरचा ओतकामाचा धंदा ऑइल इंजिनांच्या जोरावर वाढला. आज शिरोलीत, गोकुळ शिरगावात इंडक्शन भट्ट्या चालतात. एक टन बीड वितळवायला साधारण 550 ते 700 युनिटं लागतात. एवढा मोठा फरक सगळा यंत्रामुळे पडत नाही. 1450 अंशांच्या वर तापलेल्या उघड्या रसातून जाणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणून भट्टीवर झाकण हवं, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. तरीही झाकण कोपऱ्यात उभं केलेलं दिसतं. का, ते पुस्तकात नसतं. ते भट्टीवरच्या मामांना विचारावं लागतं. ते सांगतात, ‘‘ठेवायचं म्हणता साहेब, पण भंगार टाकायला दरवेळी काढायचं कुणी? दोघं लागत्यात.’’ भंगार लांबलचक आणि वेडंवाकडं असतं, ते भट्टीत नीट बसत नाही, म्हणून तोंड उघडंच ठेवावं लागतं. रस तयार झाला तरी साचे तयार नसतात आणि तेवढा वेळ भट्टी नुसती रस गरम ठेवत वीज ओढते. म्हणजे उपाय करायचे ते असे : एका माणसाला फिरवता येईल असं बिजागरीचं झाकण, आदल्या दिवशी कापून ठेवलेलं भंगार, आणि मोल्डिंगच्या माणसाने भट्टीवाल्याशी ठरवून घेतलेली वेळ. विजेचं दुखणं शोधत गेलं, तर ते कामाच्या आखणीत सापडतं. झाकण ठेवा, अशी पाटी लावून काहीच होत नाही.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. त्या गावाच्या अर्थव्यवस्थेत आज मागांच्या आधी सायझिंग येतं. ताण्याच्या सुताला खळ लावून ते वाफेने तापलेल्या सिलिंडरवर वाळवतात. सिलिंडरमधली वाफ सुताला शिवत नाही. तिचं जे पाणी होतं, ते स्वच्छ, मऊ आणि चांगलंच तापलेलं असतं. कितीतरी ठिकाणी ते गटारात सोडलेलं दिसतं आणि शेजारीच बॉयलरला बोअरचं गार, जड पाणी पाजलं जातं. बॉयलरच्या पाण्याचं तापमान 6 अंशांनी वाढलं, की सुमारे 1 टक्का इंधन वाचतं. 30 अंशांचं पाणी 75 अंशांवर गेलं, तर 7 टक्क्यांच्या आसपास बचत होते. शिवाय पाणी मऊ करायचा खर्च कमी होतो, नळ्यांत खर कमी धरते. एक टाकी, एक पंप, थोडी पाइपलाइन आणि तिच्यावर इन्सुलेशन, एवढाच त्याचा संसार. लाकूड कमी जळतं आणि तेवढं पाणी पंचगंगेच्या खोऱ्यातून उपसावं लागत नाही. मालकाच्या वहीत या सगळ्याची एकच ओळ होते. माझ्या मनात मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोन्ही मी त्याला सांगतो.

कारण पर्यावरण हा माझ्या कामातला दिखाऊ भाग नाही. भारतातल्या ग्रिडच्या दर युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्याकडची वीज बरीचशी चंद्रपूर, कोराडीसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते आणि तारांमधून येताना तिचा काही हिस्सा वाटेतच जिरतो. म्हणून इथे वाचलेलं एक युनिट तिकडे एकापेक्षा जास्त युनिटांचा कोळसा वाचवतं. चंद्रपूरची धूळ ज्यांच्या अंगणात पडते, त्यांच्याशी शिरोलीच्या फौंड्रीचं नातं तारेतून जोडलेलं आहे. आपला धंदा छोटा, त्याने काय फरक पडणार, असं मला कुणी म्हटलं, की मी हेच नातं सांगतो.

सोलर बसवू का, हा हल्ली सगळ्यांचा प्रश्न असतो. जरूर बसवा, पण शेवटी. गळत्या लाइनवर सोलर बसवणं म्हणजे फुटक्या घागरीसाठी नवी विहीर खोदणं. आधी गळती थांबवा, मोटारी योग्य मापाच्या करा, दोन-तीनदा वाइंडिंग झालेली जुनी मोटर बदलताना आयई 3 कार्यक्षमतेची घ्या. मग उरलेल्या गरजेपुरतं सोलर पुरतं आणि त्याचं कर्जही लहान राहतं.

2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या वीजग्राहक उद्योगांना लेखापरीक्षणाच्या चौकटीत आणलं. 2002 मध्ये त्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो उभा राहिला. छोट्या शेडच्या दारात मात्र कुणी सक्तीने येत नाही. तिथे शेजाऱ्याचं बिल माझ्या अहवालापेक्षा जास्त बोलतं. एका सायझिंगवाल्याला लाकूड कमी लागायला लागलं, की गल्लीतले बाकीचे स्वतःहून विचारायला येतात. म्हणून मी पहिल्या कारखान्यात घाई करत नाही. उपायाआधीचे आणि नंतरचे आकडे उत्पादनाशी लावून दाखवतो. दर टनामागे युनिटं किती, दर किलो सुतामागे लाकूड किती, असं. नाहीतर मंदीत बिल उतरलं तरी ती बचतच वाटते.

आणि बचत टिकायची, तर ती कुणाच्या तरी नावावर असावी लागते. बुजवलेली गळती वर्षभरात पुन्हा उघडते, वाफेचा ट्रॅप अडकतो, झाकणाची बिजागरी झिजते. हे आधी दिसतं ते भट्टीवर, बॉयलरवर उभ्या असलेल्या माणसाला. मी अहवालात एक शिफारस नेहमी करतो आणि तिच्यावरच सर्वांत जास्त वाद होतो : वाचलेल्या पैशातला ठरावीक वाटा त्या पाळीच्या कामगारांना महिन्याच्या महिन्याला द्यावा. मालक म्हणतात, ते त्यांचं कामच आहे. मी म्हणतो, कामाचा पगार तुम्ही देताच. पण गरम झाकण ओढण्याचा, गळतीची शीळ वाजली की टेप घेऊन धावण्याचा जादा त्रास त्यांनी घेतला, तरच ही बचत होते. ज्यांनी तो वाटा दिला, तिथे पुढच्या वर्षी मला फारसं काही सापडत नाही. त्या कारखान्यांना माझी गरज उरत नाही आणि माझ्या धंद्याचं यश मी त्यातच मोजतो.