आल्तिनोची टेकडी आणि तारणाचे सोने

माजिवडा परिसरातून सुट्टीत गोव्याला जाणारी आपली कुटुंबे बहुधा समुद्रकिनारे पाहून परततात. पणजीतील एक सकाळ मात्र आल्तिनो टेकडीसाठी राखून ठेवावी. चढणीच्या शांत रस्त्यांवर जुने बंगले, आर्चबिशपांचा प्रासाद आणि पोर्तुगालचा महावाणिज्य दूतावास आहे. व्यापारी कुटुंबांनी त्या दूतावासाचे महत्त्व जाणून घ्यावे.

गोव्याच्या प्रश्नावरून १९५५ मध्ये भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तत्पूर्वी ‘बांको नासिओनाल उल्त्रामारिनो’ या पोर्तुगीज बँकेने गोमंतकीयांनी कर्जापोटी तारण ठेवलेले दागिने लिस्बनला हलवले होते. तारण ही ऋणकोची मालमत्ता; धनको तिचा केवळ राखणदार. कर्ज फिटताच ती परत मिळावी, हा पेढीचा पहिला नियम. परंतु दोन देशांत दूतावासच उरले नाहीत, तेव्हा सामान्य गृहस्थाने दाद कोणाकडे मागावी?

लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार झाला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि संबंध पुन्हा जुळले. तरीही ते दागिने भारतात परतण्यास १९९१ साल उजाडले. तीस वर्षांत गहाण ठेवणारे कित्येक हात निवर्तले असतील, आणि मंगळसूत्र वा पाटल्यांवर हक्क सांगण्याची वेळ मुला-नातवंडांवर आली असेल.

राजनैतिक संबंध म्हणजे केवळ मेजवान्या आणि ध्वज नव्हेत. परमुलखात अडकलेल्या आपल्या विश्वासाचे ते दार होय.