गुऱ्हाळावरचा बिनगुळाचा चहा

वाचकहो, दिवाळीनंतर कोल्हापुरास गेलात तर अंबाबाईचे दर्शन आटोपून पन्हाळ्याच्या रस्त्याने एखाद्या गावात जरूर वळा. उसाच्या फडांतून जाताना गुऱ्हाळ डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते. पूर्वीइतकी गुऱ्हाळे आता राहिली नाहीत. बराच ऊस कारखान्याला जातो. पण जिथे चुलवण पेटलेले आहे, तिथून रस प्याल्याशिवाय पाहुण्याची सुटका नाही.

चरकातला रस काहिलीत पडतो, खाली चिपाडे धडधडतात. भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी आणि थोडा चुना घातला की मळी वर येते. ती झाऱ्याने काढतात. दोन-तीन तासांनी गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी वळून पाहतो. पाक 118 अंशांच्या आसपास आलेला असतो, पण त्याला थर्मामीटर लागत नाही. जरा आधी उतरवला तर ती काकवी. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो. 2014 साली या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले.

मी पिवळाधमक रवा उचलू लागलो, तर गुळव्याने तपकिरी ढेप पुढे केली. पिवळ्याला बाजारात भाव, म्हणून काही जण हायड्रोस पावडर टाकतात, घरात मात्र हाच खातो, असे तो म्हणाला. तुम्हीही हाच घ्या.

मालकाच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. "डॉक्टरनं साखर बंद केलीया, म्हणून च्या गुळाचाच घेते," म्हणाल्या. मी चपापलो. माझ्या थोरल्या चुलत्यांनी वर्षभर हेच केले आणि पायाची जखम भरेना तेव्हा उमगले. गूळ काय, साखर काय, ग्रॅममागे साधारण 4 कॅलरी. गुळातही मुख्य भाग साखरेचाच. मधुमेहाला दोन्ही सारखीच. गुळात थोडे लोह असते हे खरे, पण बाईमाणसाला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवे आणि दहा ग्रॅमच्या खड्यातून मिळते फार तर अर्धा-एक मिलिग्रॅम. रक्त कमी असलेल्या लेकीसुनांना नुसता गूळ देऊन भागत नाही. बाजरी, पालेभाजी, वर लिंबू आणि दवाखान्यातल्या गोळ्या हव्यातच. गुळाबरोबर शेंगदाणे असले तर प्रथिनेही पोटात जातात. आपल्या जुन्या माणसांनी ही जोडी बरी जमवली!

हे सारे म्हातारबाईंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मग च्या कसा घ्यायचा?"

"बिनगुळाचा."

त्यांनी काहिलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुमी पिऊन दावा आदी," म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारली. मी प्यालो. दुसरा कप त्यांनी घेतला.