थकबाकीदार

बँकेत थकबाकीदार ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तो रस्त्यात दिसला की एकदम पानठेल्याकडे वळतो. 2006 साली ही खूण माझ्याच अंगावर उमटली. नोकरी धारणीला, घर परतवाड्याला. दर शनिवारी एसटी सेमाडोहला चहासाठी थांबे, आणि मी झोपेचं सोंग घेऊन आतच बसे. कारण एकच, चहावाले काका.

मे महिन्यात काकांच्या मुलीचं लग्न झालं. मेहुण्याचा डिजिटल कॅमेरा मिरवायला मिळावा म्हणून मी फोटो काढले आणि भर मांडवात सीडीचं वचन देऊन बसलो. कॅमेरा परत गेला. फोटो राहिले माझ्या जुन्या, विकत घेतलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात. सीडी मात्र होईना. निम्म्यावर जाई आणि 'राइट एरर' म्हणून दार उघडून बाहेर येई. वेग कमी करून 8 वर आणला, सीडीची कंपनी बदलली, एकदा तर उदबत्तीही लावली. डझनभर सीड्या वाया गेल्या.

एका शनिवारी काकांनी खिडकीशी येऊन गाठलंच.

"काहून जी साहेब, सीडी झाली काय? आई गेली ना श्रावणात. तिचा दुसरा फोटोच नाही आमच्यापाशी."

आता झोपायचीही सोय राहिली नाही.

परतवाड्याच्या दुरुस्तीवाल्या पोराने झाकण उघडलं आणि राखाडी पट्टी दाखवली. हार्ड डिस्क आणि राइटर, दोघांना मिळून एकच. तीन घड्या घालून झाकणाखाली चेपलेली. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक खेपेचा म्हणे ताळा घेतला जातो. ताळा चुकला की खेप परत. सहा चुका भरल्या की विंडोज एक्सपी वेग एक पायरी खाली आणतं, आणि असं करत करत शेवटी 'पीआयओ'वर येतं. म्हणजे काय, तर मॅनेजरचा कॅशियरवरचा विश्वास उडतो आणि तो प्रत्येक नोट स्वतः मोजत बसतो. तोवर राइटर उपाशी! आणि मध्येच खंड पडला तर पुढचं जोडून घेण्याची अक्कल त्या जुन्या राइटरला नव्हती.

नवी पट्टी आली. पिना त्याच 40, पण तारा 80. जास्तीच्या तारांतून माहिती जातच नाही; दोन बोलक्या तारांमध्ये एकेक मुकी तार बसवलेली, शेजारणीचं बोलणं कानावर पडू नये म्हणून. आमच्या काउंटरवर ही सोय कधी होणार, देव जाणे! पोराने डिव्हाइस मॅनेजरमधून जुनं चॅनल काढून टाकलं, मशीन पुन्हा सुरू केलं आणि तेरावी सीडी निमूटपणे पार पडली.

भाद्रपदात मी सेमाडोहला स्वतःहून उतरलो. काकांनी शेजाऱ्याच्या प्लेअरवर सीडी लावली. फोटो एकामागून एक सरकत होते. म्हातारी नवरीची बोटं मोडताना दिसली, आणि काका म्हणाले, "थांबवा जी."

एसटीने दोनदा हॉर्न दिला आणि ती गेली. मीही बसून राहिलो.

निघताना पिशवीतल्या बिघडलेल्या सीड्या खणखणल्या. काका म्हणाले, "थ्या बी ठेवून जा. मक्यावर पोपट लय झाले."