मित्राची सुरत

सुरत हे नाव मराठी घरात उच्चारले की त्यापुढचे क्रियापद ठरलेले असते. काशी करावी, पुण्यास राहावे, मुंबईस नोकरी पाहावी. सुरत मात्र लुटावी. १६६४ चा जानेवारी आणि १६७० चा ऑक्टोबर हे दोन महिने आपण शाळेत पाठ केलेले असतात. त्या दोन महिन्यांखेरीज हे शहर इतर वेळी काय करीत होते, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. आपण गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे तर वर्षातून चार वेळा सुरतेवरून जातो. पण जातो ते मुंबईच्या गाडीत बसून, फलाटावर उतरलोच तर घारीच्या खोक्यापुरते.

तेथे माझा एक मित्र आहे. १९७० नंतरच्या वर्षांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आम्ही एका बाकावर बसत असू. वसतिगृहात त्याला सगळे 'सुरती' म्हणत; येथेही तेच नाव चालवतो. तो माझ्याशी गुजरातीत बोलतो, मी त्याच्याशी मराठीत, आणि एवढ्या वर्षांत दोघांपैकी कोणालाही भाषा बदलण्याची गरज वाटलेली नाही. मी त्याच्या दारात पाऊल ठेवले की तो आतून ओरडतो, "लुटायला आलास?" विनोद जुना झाला, पण त्याला तो अजून नवाच वाटतो.

डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा फोन आला. नानपुऱ्यातील घर विकले होते. उत्तरायण झाले की ताबा द्यावयाचा होता. मुलाने तापीपलीकडे पाल भागात नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. "या खेपेस खरोखरच लुटायला ये," तो म्हणाला. "जे आवडेल ते उचलून ने. नव्या घरात यातले काही मावणार नाही."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी गेलो. घर अर्धे रिकामे झाले होते. लाकडी खांबांच्या त्या ओसरीत भिंतीवर माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच एक तपकिरी रेघ आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीतून शहरात शिरले, त्याची ती खूण. पुढे घराला दोनदा रंग दिला. दोन्ही वेळा रंगाऱ्याला ती रेघ सोडावयास सांगितली. १९९४ साली प्लेगच्या भीतीने लाखो माणसे गाव सोडून गेली तेव्हाही हे कुटुंब येथेच होते. पाण्याने, साथीने जे घर सुटले नाही ते आता जिन्याच्या पायऱ्यांमुळे सुटत होते. वहिनींचे गुडघे तो जिना चढू शकत नाहीत.

मागच्या अंगणात दोन सायकली होत्या. एक नातवाची, गिअरची. दुसरी त्याच्या वडिलांची, काळी, मागे कॅरिअर असलेली, घंटी मात्र अजून खणखणीत. चौकाकडचे रस्ते मेट्रोच्या कामासाठी खोदलेले, गल्ल्या अरुंद, रिक्षाला वळावयास जागा नाही. "सायकलनेच फिरू," तो म्हणाला. काळी सायकल माझ्याकडे आली. वयाची सत्तरी जवळ आलेली दोन माणसे सायकली काढताहेत हे पाहून वहिनी काही बोलल्या नाहीत. आतून दोन जाड रुमाल आणले आणि दोघांच्या गळ्यांभोवती स्वतः गुंडाळले. उत्तरायणाच्या आधीच्या पंधरवड्यात गुजरातेतला दुचाकीवाला गळा उघडा ठेवीत नाही. काचेची पूड लावलेला मांजा रस्त्यावर आडवा आला तर दिसत नाही, आणि कापतो मात्र सुरीसारखा.

पहिला मुक्काम किल्ला. पोर्तुगीजांच्या स्वाऱ्यांना आवर घालण्यासाठी सोळाव्या शतकाच्या मध्यास सुलतान महमूद तिसरा याच्या आज्ञेने खुदावंदखानाने हा तापीकाठी बांधला. अलीकडे महापालिकेने त्याची डागडुजी करून आत संग्रहालय मांडले आहे. महाराज १६६४ साली आले तेव्हा सुभेदार इनायतखान याच तटाआड दडून बसला होता. "तुझ्या राजाला आमच्या घरात कोणी नावे ठेवीत नाही," सुरती म्हणाला, "नावे ठेवतात ती याला. फौजेचा पगार सरकारातून घ्यायचा आणि फौज ठेवायची नाही!" शाहिस्तेखानाने तीन वर्षे पुण्याकडचा मुलूख नासवला होता, तो खर्च मोगलांच्याच सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल झाला, हे मला सांगावयाचे होते, पण ते त्याला ठाऊक होते. वीरजी व्होराचा वाडा लुटला गेला आणि डच वखारीच्या एका दिवंगत दलालाचे घर, तो दानशूर होता म्हणून, वगळले गेले, हेही त्याला ठाऊक होते. फ्रेंच प्रवासी बर्निए याने ते लिहून ठेवले आहे. मी घरी पाठ केलेली बखर त्याने दुसऱ्या बाजूने पाठ केली होती, एवढेच. शहराभोवतीचा मातीचा तट जाऊन विटांचा पक्का तट उभा राहिला तो या लुटीनंतर, हे मात्र त्याने मला सांगितले.

मुगलीसरा येथे सायकली उभ्या केल्या. १६४४ सालची ही धर्मशाळा मक्केस जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी बांधलेली. आज तेथे महापालिकेची कचेरी आहे. ज्या कमानीखालून हाजी गेले त्याच कमानीखालून आता घरपट्टीचे अर्ज जातात. कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी दफनभूमीत ऑक्झेंडन बंधूंची दुमजली, घुमटांची कबर आहे. थोरला जॉर्ज, १६६४ मध्ये इंग्रजांची वखार राखणारा. कंपनीने त्याला त्याबद्दल सुवर्णपदक दिले. धाकटा ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षे आधी, १६५९ मध्ये वारला. त्याचा लॅटिन मृत्युलेख जमाखर्चाच्या भाषेत आहे, असे वाचले होते. सुरतेत मरणाचाही हिशेब ठेवला जातो, असे मी म्हणालो. सुरतीने ते कौतुक म्हणून घेतले.

मला खरी ओढ होती ती दुसऱ्याच एका माणसाची. १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर आपल्याला मुंबईचे म्हणून माहीत आहेत; पण ते काही वर्षे सुरतेत इंग्रजी शाळेवर होते. १८४४ च्या जूनमध्ये तेथे मानवधर्म सभा स्थापन झाली, तीत ते होते. दुर्गाराम मेहताजी, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास, अशा पाच 'द'कारांनी जातिभेद, भूतपिशाच्च आणि मंत्रतंत्र यांविरुद्ध आवाज उठवला. मुंबईची परमहंस सभा त्यानंतरची, १८४९ ची. म्हणजे आपल्याकडच्या सुधारणेची एक तालीम सुरतेत, गुजराती मित्रांच्या सोबतीने झाली होती. या हकिकतीला ना पोवाडा आहे ना चित्र. त्या सभेची जागा आम्ही दोन सकाळ शोधली. तिची खूण आम्हांस कोणी दाखवू शकले नाही. आमलीरानात कवी नर्मदाचे घर, 'सरस्वती मंदिर', मात्र जपून ठेवलेले आहे. एकट्याने 'नर्मकोश' रचून १८७३ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या या माणसाच्या घरी सुरती चपला काढून आत गेला, आणि बाहेर येऊन बराच वेळ सायकलचे कुलूप उघडीत राहिला.

तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "आता लिंबायतला जाऊ." तो थांबला. रेल्वेच्या रुळांपलीकडे, उधना-लिंबायतकडे, तो जन्मात तीन-चारदाच गेला होता, आणि तेही मोटारीतून. तेथे खानदेश राहतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तापीच्या खोऱ्यातून रेल्वे झाली. नंदुरबार, अमळनेर, जळगाव सुरतेला जोडले गेले. पुढे दुष्काळी वर्षांत आणि यंत्रमागांच्या भरभराटीत त्या रुळांवरून घरेच्या घरे इकडे आली. तापी ज्या वाटेने येते तीच त्यांची वाट.

उधन्याच्या रस्त्याला लागताच पाट्या बदलल्या. शेवभाजी, कळण्याची भाकरी. एका दुकानावर देवनागरी मराठीत लग्नपत्रिकांची जाहिरात. मागांचा खडखडाट गल्लीगल्लीतून येत होता. सुरती पुढे होता. अचानक त्याने दोन्ही ब्रेक दाबले आणि हात गळ्याकडे नेला. मांजा होता. चहाच्या टपरीवरून एक माणूस धावत आला, "हालू नका, बाबा, हालू नका," असे म्हणत त्याने दोन बोटांनी दोर वर उचलला आणि दातांनी तोडला. रुमालाचे तीन पदर कापले गेले होते. चौथा शाबूत होता. सुरतीचा चेहरा पांढरा पडला होता. त्या माणसाने त्याला बाकावर बसवले, पाणी दिले, चहा सांगितला, आणि मग मला विचारले, "कथा जाई ऱ्हायनात, बाबा?"

अहिराणी मी आयुष्यात फारशी ऐकलेली नाही, तरी हे वाक्य समजावयास वेळ लागला नाही. तो अमळनेर तालुक्यातला. मागावर बारा तासांची पाळी. ती सुरू व्हावयास अर्धा तास होता. मी बडोद्याचा म्हणताच तो म्हणाला, "म्हंजे गायकवाडसना!" किती वर्षे झाली तिकडे? मी म्हणालो, दमाजीरावांच्या वेळेपासून. अडीचशे वर्षे तरी होतील. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. एवढी वर्षे घराबाहेर राहून कोणी मराठी बोलते, हे त्याला नवल वाटले असावे. त्याची थोरली मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली. ती महापालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत शाळा चालवते. धाकट्या मुलाला त्याने इंग्रजी शाळेत घातले आहे. "घरमां तुमना नातू मराठी बोलतस का?" त्याने विचारले. समजतात, मी म्हणालो, उत्तर गुजरातीत नाही तर इंग्रजीत देतात. वाचता येत नाही. हे मासिक घरी येते ते मी आणि पत्नी वाचतो.

"आमनं बी तसंच व्हई का?" तो म्हणाला. मग त्याने घड्याळ पाहिले, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि पाळीवर गेला.

परतताना सुरतीने विचारले, तो शेवटी काय म्हणाला? मी सांगितले. बरेच अंतर आम्ही न बोलता पायडल मारीत गेलो. उधना दरवाजाशी तो म्हणाला की त्याच्या नातवाला नर्मदाच्या घराबाहेरची पाटीही अडखळत वाचावी लागते, आणि तो तर सुरतेतच जन्मला आहे. नदीकाठी पोंकाच्या टपऱ्या लागल्या होत्या. पोंक म्हणजे आपला हुरडा. कोवळी ज्वारी, वर लिंबू-मिरीची शेव. दोन पुड्या घेतल्या, एक वहिनींसाठी. रुमालाचे त्यांना सांगायचे नाही असे ठरले होते. पण त्यांनी तो उलगडला, कापलेल्या पदरांवरून बोट फिरवले आणि घडी करून कपाटाऐवजी स्वतःच्या पिशवीत ठेवला.

शेवटच्या दिवशी सामान नेणारे आले. सुरतीने पुन्हा विचारले, काय नेतोस? पितळी हंडा होता, शिसवी डेस्क होते, वडिलांच्या वह्या होत्या. काळी सायकल मी मागितली असती तर त्याने दिली असती. पण बडोद्यास माझ्या घराखाली तिला जागा नाही. मी तिची घंटी मागितली. त्याने पाना शोधला. गंजलेला नट सुटेना, तेव्हा त्यावर तेल सोडले, ते मुरेपर्यंत आम्ही दोघे पायरीवर बसलो, आणि मग त्याने ती काढून दिली.