कंसातला दंड

अंक छापून टपालात पडला त्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. "अरे, माझ्या लेखाच्या सदतिसाव्या टिपेत 'तत्रैव' आहे. तत्रैव म्हणजे नक्की कुठं?"

मी अंक उघडला आणि घाम फुटला. संपादन करताना एक परिच्छेद मी तीन पानं मागे नेला होता. त्याची टीप त्याच्याबरोबर गेली आणि मागे उरलेलं तत्रैव, म्हणजे 'वरच्याच ग्रंथात', भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवत उभं राहिलं. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'मधलं पत्र सरदेसायांच्या पेशवे दप्तरात जाऊन बसलं होतं. चूक सर्वस्वी माझी. आप्पा रागावले नाहीत, हे जास्त लागलं.

आमच्या त्रैमासिकासाठी मी लेख साध्या मजकुराच्या फायलीत घेत असे. मथळा, तिरपा ठसा, उतारा यांच्या चार खुणा मीच ठरवलेल्या आणि पायथनमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्रॅम त्यातून पानं लावायचा. संदर्भ मात्र सगळे हाताने टंकलेले. आता ठरवलं की लेखकाने फक्त ग्रंथाचं टोपणनाव आणि जागा लिहायची. पूर्ण टीप, क्रमांक, तत्रैव हे सगळं प्रोग्रॅमने शेवटच्या क्षणी मोजून घालायचं. परिच्छेद कुठेही हलवा, तत्रैव आपोआप सुधारेल.

नवं काही शोधायची हौस नव्हती. बर्कलीत तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये पॅनडॉक हे साध्या मजकुरातून दस्तऐवज बनवणारं साधन सुरू केलं. त्यातली संदर्भाची खूण मला आवडायची: चौकटी कंसात @, त्याला चिकटून टोपणनाव, मग स्वल्पविराम आणि पान. मजकूर वाचताना डोळ्यांत खुपत नाही. म्हटलं, हीच उचलावी.

पहिल्या चाचणीत राजवाडे 'र' झाले, शेजवलकर 'श', सरदेसाई 'सरद' आणि खरे 'खर'. पायथनमध्ये 'शब्दातलं अक्षर' ओळखायची एक तयार खूण असते. तिला व्यंजन कळतं, पण काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हं ती अक्षरांत धरत नाही. काना दिसला की तिच्या लेखी नाव संपलं. मी देवनागरीचा युनिकोडमधला अख्खा पट्टाच अक्षर म्हणून मान्य करून टाकला आणि सुटलो. निदान तसं वाटलं.

मग आप्पांकडे गेलो. सरकारी कचेरीत उभी हयात काढलेला माणूस. इनस्क्रिप्ट या देवनागरी कळमांडणीवर असा टंकतो की बघत राहावं. त्यांनी माझा नमुना वाचला आणि बोटं कीबोर्डावर तशीच थांबली. "हे ॲट द रेट कुठून काढू?"

इनस्क्रिप्टवर त्या जागी अर्धचंद्र बसलेला असतो. चौकटी कंसांच्या कळांवर ड आणि नुक्ता, महिरपी कंसांच्या जागी ढ आणि ञ. ऑर्ग-मोड या दुसऱ्या प्रणालीने २०२१ मध्ये आणलेली संदर्भाची खूण घ्यावी, तर तिच्यात चौकटी कंस आणि @ यांवर आणखी विसर्गासारखे दोन ठिपके, आणि तिथे छ. पानं लावणाऱ्या लाटेकची उलटी तिरकी रेघ? तिथे ॉ. म्हणजे एका संदर्भासाठी आप्पांनी दोनदा भाषा बदलायची, आणि लेखात साठ संदर्भ. इतकी वर्षं मी स्वतः रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डावर लिहीत आलो, म्हणून हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"तुमच्याकडे काय काय आहे?" मी विचारलं. त्यांनी दाखवलं: साधे कंस, स्वल्पविराम, पूर्णविराम, संयोगचिन्ह, आणि पूर्णविरामाच्याच कळेवर शिफ्ट दाबला की दंड. दंड पाहून डोक्यात उजेड पडला. आपल्या आजच्या गद्यात दंड वापरत नाहीत. कंस उघडून लगेच दंड तर कुणीच देत नाही. खूण ठरली: (।राजवाडे, खंड १, लेखांक २०). घरी येऊन चालवून पाहिलं तर प्रोग्रॅमला 'राजवाडे' सापडेनात, कारण मी मान्य केलेल्या त्या पट्ट्यात दंडही येतो आणि तो नावाला चिकटला होता. त्याला तेवढं बाहेर काढलं. 'कऱ्हाड' या टोपणनावाने मात्र दोन संध्याकाळी खाल्ल्या. ऱ्ह दोन तऱ्हांनी साठवता येतो, डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला वेगळा.

पण खरी अडचण व्याकरणाची निघाली, आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. पॅनडॉकमध्ये कंसाबाहेर नुसतं @ आणि नाव लिहिलं की वाक्यातच नाव उमटतं आणि पुढे कंसात साल. इंग्रजी वाक्यात आडनाव खांबासारखं उभं असतं, त्यामुळे ते जमतं. आमच्याकडे राजवाड्यांनी पत्र छापलं, खऱ्यांच्या संग्रहात ते आहे, शेजवलकरांना ते पटलं नाही. नाव प्रत्येक वाक्यात मुरडतं. 'राजवाडे (१८९८) यांनी' असं यंत्राकडून करवून घेता येतं, प्रबंधात चालतंही. पण आप्पांच्या गद्यात ते चपलेतल्या खड्यासारखं टोचलं असतं. सामान्यरूपांचं कोष्टक करायला घेतलं, अकरा आडनावांनंतर सोडून दिलं.

पॅनडॉकमध्ये @ च्या आधी वजाचं चिन्ह दिलं की लेखकाचं नाव गाळलं जातं. तिथे तो अपवाद आहे. मी तो नियम केला आणि वजा काढून टाकला. वाक्यात नाव लेखकाने आपल्या हाताने, आपल्या विभक्तीत लिहावं. यंत्राने फक्त टीप सांभाळावी. हा निर्णय कागदावर एका ओळीचा आहे, पण सगळ्या आराखड्यात मला अभिमान वाटावा असा तो एकच.

सालाचीही अडचण होतीच. जुन्या पुस्तकांवर नुसता शक असतो. संदर्भसूचीत शके १८२० आणि इसवी १८७५ आकड्यांनी लावले तर १८९८ चं पुस्तक आधी जाऊन बसतं. तिथे मी ७८ मिळवतो. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतला एकाचा फरक संपादकाने पाहावा. आणि 'पान' ही एकच जागा गृहीत धरून चालत नाही. साधनांत लेखांक लागतो, ज्ञानेश्वरीत अध्याय आणि ओवी, कारण वाचकाच्या घरची प्रत कुठली हे आपल्याला काय ठाऊक. गाथेत तर अभंगाचा क्रमांकसुद्धा प्रतीगणिक बदलतो, म्हणून तिथे आधी प्रत सांगणं सक्तीचं केलं.

पुढच्या अंकासाठी आप्पांचा लेख आला. बासष्ट संदर्भ, सगळे कंसात दंड देऊन, एकही चुकलेला नाही. फक्त चार ठिकाणी प्रोग्रॅम अडला. तिथे त्यांनी दोन दंड दिले होते: (।।ज्ञानेश्वरी, ६.१४).

फोन केला. "आप्पा, दंड एकच द्यायचा ठरला होता."

"ओवी आहे ना ती," ते म्हणाले. "ओवीला एक दंड कसा देणार?"

मी दुरुस्त करायला फाईल उघडली होती, ती तशीच मिटली आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली: दोन दंड आले तर पुढचे आकडे पानाचे नाहीत, अध्याय आणि ओवीचे.