टपालचा अर्धा निरोप

चॅट क्लायंट कुठला घ्यावा यावरून आमच्या ग्रुपमध्ये दोन रात्री भांडण चाललं होतं. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, पोरं बाईक घेतायत!

हॉस्टेलचे तिघं, कल्याणचा एक आणि डोंबिवलीहून रोज ठाण्याला येणारा मी, असा आमचा प्रोजेक्ट ग्रुप. हॉस्टेलचं नेट रात्री दहानंतर कसं होतं ते इथल्या वाचकांना मी काय सांगणार? फोटो उघडत नाहीत, व्हिडिओचा तर विषयच नको. साधा मजकूर मात्र जातो. म्हणून आयआरसी. ही चीज आपल्यापेक्षा वयाने बरीच मोठी. फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ऑगस्ट १९८८ मध्ये ती लिहिली. चॅनेल उघडायचं, आत बसायचं, टाइप करायचं. बास.

आत बसायला क्लायंट लागतो. कल्याणवाल्याने १९९५ पासून चालत आलेलं एमआयआरसी घेतलं, कारण त्याच्या मामाने सायबर कॅफेत तेच वापरलं होतं. हॉस्टेलवाल्यांनी हेक्सचॅट घेतलं. त्याची शेवटची आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाली आणि काम थांबलं, पण चालतं व्यवस्थित. मी घेतलं इर्सी. काळी स्क्रीन, माउसला काम नाही, सगळं कीबोर्डवर. कारण द्यायचं म्हणून मी 'हलकं आहे' असं सांगितलं. खरं कारण, मागून कोणी पाहिलं तर आपण हॅकर वाटतो!

त्यात एकच खोट होती. माझ्या टर्मिनलमध्ये मराठी मोडायची. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, जोडाक्षराचे तुकडे, मध्येच चौकोन. मला काही फरक पडत नव्हता. मी कॉन्व्हेंटचा, चॅनेलवर मराठी लिहिली तरी रोमनमध्ये. देवनागरीत लिहिणारा एकच होता, चॅनेलवरचं त्याचं नाव मुरबाडकर. तो लांबलचक लिहायचा, मी अंदाजाने वाचायचो.

आता बॉटचं. आयआरसीचा सर्व्हर साधारणपणे तुमच्यासाठी काही जपून ठेवत नाही. तो मधूनमधून 'पिंग' विचारतो, तुमच्याकडून 'पाँग' आलं नाही की तुम्ही बाहेर. माझं नेट कळवा सुटल्यावर जायचं ते दिव्याला परत यायचं. मधल्या वेळात कोण काय बोललं ते गेलं. यावर तयार बॉट आहेत. एगड्रॉप तर १९९३ पासूनचा, आणि पायथॉनमधल्या सोपेलमध्ये निरोप ठेवायची सोय आयती मिळते. शहाण्या माणसाने सोपेल घेतला असता. मी स्वतःचा लिहिला. नाव ठेवलं टपाल. तुम्ही नसताना कोणी निरोप ठेवला, तर तुम्ही परत आलात की टपाल तो देणार. दहा वेळा टेस्ट केलं. हॅलो टेस्टिंग, हॅलो टेस्टिंग. सगळं इंग्लिशमध्ये.

मग वाटलं, थोडं मराठीपण हवं. म्हणून प्रत्येक निरोपाच्या आधी एक ओळ घातली: 'नमस्कार, तुमच्यासाठी ठेवलेला निरोप असा आहे:' आईकडून शुद्धलेखन तपासून घेतलं होतं, खोटं नाही सांगत.

सबमिशनचा आठवडा होता. गुरुवारी साडेनऊला घरी पोचलो, लॅपटॉप उघडला, टपालने मुरबाडकरचा निरोप दिला. नेहमीसारखा लांब, नेहमीसारखा मोडलेला. एम-थ्री परत राहिला, दादाशी बोललोय, सोमवारी अर्ज देऊन घरी जातो, असं काहीबाही आणि शेवटी 'तू फक्त' आणि एक चौकोन. चौकोन तर माझ्याकडे रोजचेच. वाटलं, वैतागलाय, उद्या भेटेलच. जर्नल लिहायला बसलो. शुक्रवारी तो भेटला नाही, आणि मीही हॉस्टेलवर गेलो नाही.

सोमवारी दुपारी कल्याणवाल्याने विचारलं, "अरे, तुला कळलं ना?" तेव्हा मी बॉटची फाइल उघडली. तिच्यात निरोप पूर्ण होता. 'तू फक्त एकदा फोन कर, मी जागाच आहे.'

कापला कुणी? मी. आयआरसीची एक ओळ ५१२ बाइटची. नाव-पत्ता वगैरे जाऊन चारशेच्या आसपास उरतात. इंग्लिश अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन, आणि काना, वेलांटी, पाय मोडलेला, सगळे वेगळे मोजतात. 'नमस्कार' म्हणजे एकवीस बाइट. माझी ती नटवलेली ओळ ११५ बाइटची. त्याचा निरोप त्याच्या क्लायंटमधून एका ओळीत कसाबसा बसून आला होता. त्याच्यापुढे मी माझा नमस्कार लावला आणि शेपूट सर्व्हरने छाटली. शेवटच्या अक्षराचे तीन बाइटसुद्धा पूर्ण आले नव्हते, तो चौकोन त्याचा. दुसऱ्या कुठल्या क्लायंटवर बाकी सगळं नीट दिसलं असतं आणि तो एकच चौकोन डोळ्यात खुपला असता.

फोन लागला तेव्हा तो कल्याणहून मुरबाडच्या एसटीत होता. म्हणाला, "अरे, तुझं सबमिशन होतं ना, मला वाटलंच." रागावला असता तर बरं वाटलं असतं. मी बाइटचं सांगायला लागलो, तेवढ्यात एसटीच्या आवाजात काही ऐकू येईना.

त्याने ड्रॉप घेतला. फोन केला असता तर थांबला असता का, माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

टपाल आता पाठवण्याआधी बाइट मोजतो आणि शब्द न तोडता ओळ फोडतो. नमस्कार काढून टाकला. इर्सीही काढलं, हेक्सचॅटवर आलो, तिथे काना-वेलांटी जागच्या जागी दिसतात. टेस्टच्या फाइलमध्ये त्याची वाक्यं टाकली आहेत, त्याला विचारून. आणि मी चॅनेलवर देवनागरीत लिहायला लागलोय, हळूहळू.

तो रात्री रेंज असली की येतो. एम-थ्रीचा पेपर परत देणार आहे. परवा मी लोकलमध्ये असताना त्याने निरोप ठेवला होता. टपालने तीन ओळींत दिला. दोन ओळी लाप्लासच्या एका गणिताबद्दल होत्या. तिसरीत, 'आणि विद्यापीठातली पहिली वि ऱ्हस्व.'