वरून गेलेले विमान

आम्ही १९८४ साली बहरीनला गेलो तेव्हा इराण-इराक युद्ध सुरू होऊन चार वर्षे झाली होती. चाचा आधीपासून तिथे होते. चुलतभावाचा आणि आमचा व्हिसा त्यांनीच पाठवला. व्हिशावर काय लिहिले होते देव जाणे, काम मात्र मुहर्रकहून सुटणाऱ्या एका लाकडी बानूशवर मासेमारीचे निघाले. दाभोळच्या खाडीवर वाढलेल्या पोरांना त्यात नवे असे काही नव्हते. होडीच्या प्रमुखाला आमच्याकडे नाखवा म्हणतात, तिकडे नोखदा. शब्द एकच. आमच्या नाखव्याशी भांडता तरी येत असे.

समुद्र मात्र आपला नव्हता. उथळ, हिरवट, कुठे कुठे तर तळाचे गवत वरून दिसायचे. गादा, म्हणजे आपला डॉल्फिन, तिथेही भेटला तेव्हा घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. पाठीवर तोच उंचवटा, वर येऊन श्वास सोडण्याची तीच सवय. कोकण किनाऱ्यावरची आणि आखातातली ही एकच जात आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

१९८६ ची गोष्ट. बहरीन आणि कतार यांच्या मध्ये, हवार बेटांच्या बाजूला आम्ही जाळे टाकले होते. पहाटे ओढू लागलो तर भलतेच जड. वर आले ते एक पिल्लू. आमच्या कमरेपर्यंत येईल एवढे, तपकिरी, तोंड गाईच्या मुसक्यासारखे खाली वळलेले, ओठांवर राठ केस. मेलेले होते. जाळ्यात अडकले की त्याला श्वास घ्यायला वर येता येत नाही. पाण्यातला प्राणी पाण्यातच बुडून मरतो.

चुलतभाऊ म्हणाला, "केवढा मासा!"

चाचांनी हात लावून पाहिले. "यो मासा नाय, बाबू. याची आई याला दूध पाजते."

होडीवर बिहारकडचे एक भाईजान होते, हनफी. त्यांनी लगेच फैसला दिला की मासा नसेल तर खाणे जायज नाही. चाचा कोकणी, पक्के शाफई. ते म्हणाले, आमच्याकडे दर्याचे सगळेच हलाल. मेलेल्या पिल्लाच्या दोन बाजूंना उभे राहून दोघांनी असा वाद घातला की आम्हाला हसू आवरेना. आजही त्या हसण्याची लाज वाटते. कारण तेवढ्यात होडीच्या मागे पाणी फुटले आणि एक मोठी पाठ वर आली. बुडाली. पुन्हा वर आली. वाद तिथेच थांबला.

आणि मग विमानाचा आवाज आला.

ते दिवस जहाजांवर हल्ले होण्याचे होते. विमान दोन इंजिनांचे, आणि इतके खाली की पंखांखालचे दांडे दिसत होते. आम्ही सगळे फळ्यांवर पालथे पडलो. चाचांनी मोठ्याने कलमा म्हटला. विमान सरळ डोक्यावरून गेले, वळलेही नाही, रेघ मारल्यासारखे पुढे निघून गेले. नोखद्याने उठून पहिले काम केले ते हे की पिल्लू कापून सोडवायला सांगितले. चुलतभावाने सुरी चालवली. पिल्लू पाण्यात गेले. "कुणाशी बोलायचे नाही," एवढेच नोखदा म्हणाला. आमचे पासपोर्ट त्याच्या मालकाकडे होते. आम्ही बोललो नाही. तिथे नाही आणि गावी आल्यावर तर नाहीच.

त्या प्राण्याला डुगाँग म्हणतात, अरबीत ‘अरूस अल-बहर’, समुद्राची नवरी. नवरी कशी काय, ते नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक. पुढे कतारला नोकरी करणाऱ्या पुतण्याने एक शोधनिबंध छापून आणला आणि कोश घेऊन आम्ही तो चार रात्री वाचला. अँथनी प्रीन नावाच्या संशोधकाचा, २००४ साली प्रसिद्ध झालेला. १९८३ मध्ये युद्धात नौरोज तेलक्षेत्रातून तेल वाहिले, त्या वर्षी तीसहून अधिक डुगाँग मेलेले सापडले. मग उरले किती, हे पाहायला सौदी सरकारच्या पर्यावरण खात्यासाठी विमानातून मोजणी झाली. साल १९८६.

मोजण्याची रीत ऑस्ट्रेलियात हेलेन मार्श यांनी बसवलेली. विमान साधारण १३७ मीटर उंचीवरून, ताशी १८५ किलोमीटर वेगाने, समांतर रेघांत उडवायचे. पंखाच्या दांड्यांवर खुणा बांधायच्या. खुणांमधून दिसणारी पाण्याची पट्टी दोनशे मीटर रुंद, तेवढ्यातलेच जनावर मोजायचे. दोन्ही बाजूंना दोन-दोन माणसे, आणि एकाला दुसऱ्याची मोजणी ऐकू येऊ द्यायची नाही. एकाला दिसले आणि दुसऱ्याला नाही, यावरून दोघांच्याही नजरेतून किती सुटले असतील याचा हिशेब निघतो. पाण्याखाली असल्यामुळे कुणालाच न दिसलेल्यांचा हिशेब पुन्हा वेगळा. आयुष्यभर हजेरीपट पाहिले, पण गैरहजरांना मोजणारा हिशेब आम्ही प्रथमच पाहिला.

आखातात ही जनावरे फार थोडी उरली असावीत असा समज होता. अंदाज निघाला सुमारे ५,८००. ऑस्ट्रेलियानंतर जगात एवढी दुसरीकडे नाहीत. बहरीन-कतारच्या मधल्या पाण्यात एकच कळप सहाशेहून मोठा दिसला. म्हणजे आम्ही जाळे टाकत होतो त्याच भागात. मादी काही वर्षांतून एकदाच वीते, आणि एकच पिल्लू. हे वाचल्यावर त्या रात्री पुढचे पान उलटवले नाही.

१९९९ मध्ये अमिरातीच्या समुद्रावर पुन्हा उड्डाणे झाली. डॉल्फिन खूपच घटलेले आढळले. आमचा गादा आता धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत आहे.

आमच्यावरून गेले ते हेच विमान, असे आम्ही छातीठोक सांगणार नाही. लष्कराचेही असेल. पण ती उंची, ती सरळ रेघ!

चाचा वारले. गेल्या ईदला चुलतभावाला हे सगळे प्रथमच सांगितले. तो आता गुडघ्यांनी थकला आहे, पोराच्या होडीवर जात नाही. बराच वेळ तो चहाच्या कपाकडे पाहत राहिला. मग विचारले, "विमान बरोबर डोक्यावरून गेलं होतं ना?"

"हो."

"मग आपण त्यांना दिसलो असणार."

आम्ही सांगितले की विमानाच्या पोटाखालचे त्यांना दिसत नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्याच तेवढ्या दिसतात.

"म्हणजे पिल्लू नाही दिसलं," तो म्हणाला. "आणि मागची ती?"

ती किती मागे होती, यावर आम्हा दोघांचे एकमत होईना. तो म्हणतो दहा वाव, आम्हाला आठवते ते वीस.